लाटेवर स्वार व्हावे, की तिचा फोटो घ्यावा?

दोन छंद एकाच माणसाच्या मानगुटीस बसले म्हणजे त्याची कशी तारांबळ उडते, हे ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्या गृहिणींनाच विचारावे. त्यातून दोन्ही छंदांची वेळ एकच असली, तर पाहायलाच नको! कॅलिफोर्नियातील लिरॉय ग्रॅनिस या गृहस्थांची गोष्ट अशीच आहे.

ग्रॅनिस यांचा जन्म १९१७ सालचा, लॉस एंजलिसजवळच्या हर्मोसा बीच या गावचा. समुद्र म्हणजे घरचे अंगणच. चौदाव्या वर्षी वडिलांनी पाइनची एक जाड फळी आणून दिली. ती तासून पोराने तिच्यावर सर्फिंग सुरू केले. हा खेळ दिसतो सोपा. फळीवर पालथे पडून, हातांनी पाणी मारीत, लाटा उठतात तेथवर जायचे. मागून लाट आली की जोर करायचा, आणि तिने फळी उचलताच चटकन उभे राहून तिच्या उतारावरून घसरत किनाऱ्याकडे यायचे. सारा मामला काही सेकंदांचा. पण त्या सेकंदांपायी माणसे तासन् तास पाण्यात कुडकुडत बसतात!

पुढे लग्न झाले, चार मुले झाली, मध्यंतरी महायुद्धात वैमानिकी झाली, आणि ग्रॅनिस टेलिफोन कंपनीच्या नोकरीत रुजले. जबाबदाऱ्या वाढल्या आणि तिने पोट धरले. १९५९ च्या सुमारास अल्सर झाला. आपल्याकडचे डॉक्टर अशा वेळी तिखट बंद करून मोकळे होतात. यांचे डॉक्टर म्हणाले, मनाला विरंगुळा द्या, एखादा छंद लावून घ्या. वय बेचाळीस. ग्रॅनिस यांनी कॅमेरा उचलला आणि गॅरेजमध्ये फिल्म धुण्याची अंधारी खोली थाटली.

कॅमेराच का, याचे उत्तर त्यांच्या मित्रमंडळात सापडते. जॉन बॉल नावाचे एक दंतवैद्य होते; सगळे त्यांना ‘डॉक’ म्हणत. टॉम ब्लेक या जुन्या सर्फरने हवाई बेटांत लाटांमध्ये शिरून घेतलेली छायाचित्रे १९३१ मध्ये त्यांच्या पाहण्यात आली आणि हे दंतवैद्य वेडे झाले. कॅमेऱ्यासाठी त्यांनी स्वतःच पाणी न शिरणारी पेटी बनवली आणि १९४६ मध्ये कॅलिफोर्नियातील सर्फरांच्या चित्रांचे पुस्तक काढले. प्रती अवघ्या पाचशेच्या आसपास. तरुण ग्रॅनिस त्याच टोळीतले.

आता अडचण पाहा. तो किनारा पश्चिमाभिमुख. सकाळी सूर्य किनाऱ्यावरच्या माणसाच्या पाठीशी असतो. लाटेच्या तोंडावर आणि स्वाराच्या अंगावर उजेड स्वच्छ पडतो. दुपारनंतर तोच सूर्य भिंगात घुसतो. फोटोची वेळ म्हणजे सकाळ. आणि खेळाची? तीही सकाळच! समुद्रावरचा वारा सहसा दुपारी उठतो आणि लाटांचा चुराडा करतो; पहाटे पाणी काचेसारखे असते. त्यात माणूस नोकरदार. चांगली लाट काही रजेचा अर्ज पाहून येत नाही. दूर कोठेतरी वादळ होते, त्याचा उमाळा शेकडो कोस चालत येतो आणि दोन-चार दिवसांत ओसरतो. तेवढ्यात हातात फळी घ्यायची, की कॅमेरा?

ग्रॅनिस यांनी पुष्कळदा कॅमेरा घेतला. पण माझ्या मते फळी त्यांनी कधी सोडली असे म्हणता येणार नाही. कोणती लाट कोठे फुटेल, स्वार कोणत्या क्षणी वळेल, हे किनाऱ्यावरच्या निव्वळ फोटोग्राफरला कळायला उशीर होतो, आणि येथे उशीर म्हणजे फक्त फेस! ज्याचे पाय वर्षानुवर्षे लाटेवर उभे राहिले आहेत, त्याचे बोट खटक्यावर आधीच तयार असते.

दुसरी पीडा फिल्मची. रोलात चित्रे छत्तीस. आगफाच्या डबा कॅमेऱ्यातल्या बारा चित्रांत आख्खी सहल उरकणाऱ्या आपल्या पिढीला ही चैन वाटेल. पण लाटांमध्ये छत्तीस चित्रे पाहता पाहता संपतात. मग पोहत किनाऱ्यावर या, हात पुसा, रोल बदला, परत जा. तोवर उत्तम लाट निघून गेलेली. ग्रॅनिस यांनी रबराचे अस्तर लावलेली एक पेटी तयार केली आणि ती चोषकांनी फळीलाच चिकटवली. समुद्रात बसल्या बसल्या फिल्म बदलता येऊ लागली. कॅमेरा अखेर फळीवर स्वार झाला तो असा.

त्यांची चित्रे मासिकांतून झळकू लागली. १९६४ मध्ये भागीदारीत त्यांनी स्वतःच सर्फिंगचे एक मासिक काढले, ते २०१७ पर्यंत चालले. टेलिफोनची नोकरी मात्र त्यानंतरही बरीच वर्षे सुटली नाही. चार मुलांच्या बापाने तसे करणे मला शहाणपणाचे वाटते, कलावंतांना ते कितीही अरसिक वाटो.

मग गर्दी झाली. चित्रपटांनी या खेळाचे वेड देशभर पसरवले. लाटा तेवढ्याच, स्वार शेकडो, आणि कॅमेरेवालेही जागेवरून हमरीतुमरीवर येऊ लागले. १९७१ च्या सुमारास ग्रॅनिस यांनी लाटांचे फोटो आवरते घेतले आणि पंख बांधून डोंगरावरून झेपावणाऱ्यांच्या मागे कॅमेरा नेला. पुढे त्यांच्या जुन्या चित्रांचे मोठे पुस्तक निघाले, प्रदर्शने भरली. २०११ मध्ये, ९३ व्या वर्षी ते वारले.

घरच्या फोटोग्राफरचा फोटो आल्बममध्ये सहसा नसतो, हा आपल्याही घरचा अनुभव. तरुण ग्रॅनिस फळीवर कसे उभे राहात, हे आज पाहायला मिळते ते त्या दंतवैद्यांच्या कॅमेऱ्यामुळे.