बरगडीचे मांस मऊ कसे होते : बार्बेक्यूच्या पाकक्रियेसंबंधी काही विचार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘बार्बेक्यू’ या नावाने रूढ असलेल्या पाकप्रकारात डुकराच्या बरगड्यांना मानाचे स्थान आहे. निखाऱ्यांच्या मंद धगीवर, हिकरीसारख्या लाकडाच्या धुरात हे मांस तासन्‌तास ठेवण्याची विद्या दक्षिणेकडील संस्थानांत मुख्यतः गुलामगिरीत जखडलेल्या आफ्रिकी वंशाच्या स्वयंपाक्यांनी जोपासली. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी टेनेसीकडून कॅन्सस सिटीस आलेल्या हेन्री पेरी यांच्यासारख्या कृष्णवर्णीय व्यावसायिकांनी ती शहरात रुजविली. आज तेथील अनेक कुटुंबांत हा पदार्थ घरच्या ओव्हनमध्येच केला जातो, आणि तेथेच अडचणीस प्रारंभ होतो. भट्टीवाल्याच्या हाती परंपरेने आलेला अंदाज असतो. गृहिणीच्या किंवा गृहस्थाच्या हाती पुष्कळदा केवळ तापमापक असतो. तापमापक सांगतो की मांस शिजले. कुटुंबीय सांगतात की ते चामड्यासारखे झाले आहे. दोघेही खरे बोलत असतात. या विसंगतीचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शिजण्याचा अर्थ पाहू. १८३५ साली लंडनमध्ये जेम्स पॅजेट या विद्यार्थ्यास मानवी स्नायूंत ट्रिकिनेला हा कृमी आढळला. अर्धवट शिजलेल्या वराहमांसातून तो माणसाच्या शरीरात शिरतो, हे पुढे सिद्ध झाल्यावर डुकराचे मांस अतिशय कडक शिजविण्याचा दंडक पडला. अमेरिकेच्या कृषिखात्याने २०११ साली अखंड तुकड्यांसाठी ही मर्यादा ७१ अंश सेल्सिअसवरून ६३ अंशांपर्यंत खाली आणली व त्यानंतर तीन मिनिटे मांस तसेच ठेवावे असे सांगितले. हा आकडा निर्धोकपणाचा आहे; मऊपणाशी त्याचा काहीही संबंध नाही. पाठीच्या कोवळ्या मांसास तो पुरेसा होतो. बरगडीस तोच आकडा लावला म्हणजे घोटाळा होतो.

याचे कारण बरगडीच्या रचनेत आहे. प्राणी जिवंत असेपर्यंत बरगड्यांमधील स्नायूंना श्वासोच्छ्वासाबरोबर अखंड राबावे लागते, आणि राबणाऱ्या स्नायूंत संयोजी ऊतकाचे प्रमाण अधिक असते. या ऊतकातील प्रमुख प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याच्या रेणूची घडण तीन पदरी पीळदार दोरीसारखी असते व या दोऱ्या एकमेकींस आडव्या बंधांनी जखडलेल्या असतात. जनावराचे वय वाढते तसे हे बंध वाढतात व पक्के होतात. मांसासाठी पाळलेले डुक्कर बहुधा सहा महिन्यांच्या सुमारास कापले जाते. म्हणूनच त्याची बरगडी गाईबैलांच्या छातीच्या मांसापेक्षा पुष्कळ लवकर नरमते.

आता हे मांस तापू लागले असे समजा. ५० अंशांच्या आसपास स्नायूंतील मायोसिन हे प्रथिन गोठू लागते. ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान कोलॅजेनच्या दोऱ्या आखडतात आणि ओले फडके पिळावे त्याप्रमाणे स्नायुतंतूंतील रस बाहेर काढतात. म्हणजे ज्या क्षणी तापमापक ‘निर्धोक’ म्हणतो, जवळजवळ त्याच क्षणी बरगडी खाण्यास अत्यंत वाईट अवस्थेत असते. येथे घाबरून ती उतरविणारा फसतो, आणि लवकर उरकावे म्हणून आच वाढविणाराही फसतो. कारण पुढची क्रिया उष्णतेइतकीच वेळेवर अवलंबून आहे. ७० अंशांच्या पुढे आखडलेल्या कोलॅजेनचा पीळ हळूहळू उलगडतो, त्याचे पदर सुटे होतात व पाणी धरून ठेवणारे जिलेटीन तयार होते. ही क्रिया ८० ते ९५ अंशांच्या टप्प्यात बऱ्यापैकी वेगाने चालते, तरीही तिला तास दोन तास द्यावेच लागतात. आपल्याकडे पाया शिजविणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. रात्रभर मंद आचेवर ठेवलेला पायाचा रस्सा बोटांना चिकटतो आणि थंड झाल्यावर थिजतो, तो याच जिलेटीनमुळे.

मंद आचेने मांसातील पाणी टिकते अशी समजूत सर्वत्र आढळते. ती बरोबर नाही. ९० अंशांपर्यंत गेलेल्या बरगडीत ६३ अंशांच्या बरगडीपेक्षा पाणी कमीच असते. तरी ती रसाळ लागते, कारण सुटलेले जिलेटीन व वितळलेली चरबी कोरड्या तंतूंना वंगण पुरवितात. ओव्हनमध्ये पाण्याचे भांडे ठेवल्याने किंवा बरगड्या आधी उकळून घेतल्याने आतला ओलावा वाढत नाही. पाण्यात बुडालेले मांसही आपला रस बाहेरच टाकते. उकळण्याची चाल मला तर मुळीच पसंत नाही. मांस मऊ होते हे खरे, परंतु त्याची चव भांड्यातील पाण्यात जाते आणि ते पाणी बहुधा मोरीत.

भट्टीवर काम करणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. मांसाचे तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कोठेतरी अडून बसते व बराच वेळ हलत नाही. हे गूढ वाटले तरी कारण आपल्या घरातील माठात आहे. माठाच्या पृष्ठावरून पाणी उडून जाताना जशी उष्णता काढून घेतली जाते, तशीच ती मांसाच्या ओल्या पृष्ठावरूनही घेतली जाते. खांद्याच्या मोठ्या तुकड्यात हे ठळकपणे दिसते, पातळ बरगडीत कमी. पण वेळ खाते ते दोन्हीकडे. मांस ॲल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळले की बाष्पीभवन थांबते आणि तापमान पुन्हा चढू लागते. घरच्या ओव्हनला हीच युक्ती उपकारक ठरते.

बाजारात बरगड्यांचे दोन मुख्य प्रकार मिळतात. कण्यालगतच्या, आखूड व मांसल बरगड्यांना ‘बेबी बॅक’ म्हणतात. हे नाव त्यांच्या आकारावरून पडले आहे, पिलाच्या वयावरून नव्हे. पोटाकडील लांब, अधिक चरबीच्या त्या ‘स्पेअर रिब्ज’. त्यांची कूर्चायुक्त कड छाटून चौकोनी केली म्हणजे त्यांस सेंट लुइस पद्धतीचे नाव मिळते. दोहोंच्या आतील बाजूस एक चिवट पापुद्रा असतो. त्याखाली सुरीचे बोथट टोक घालून, सैल झालेली कड कोरड्या फडक्याने धरून तो ओढून काढावा. शिजूनही तो दाताखाली कागदासारखा येतो.

त्यानंतर किलोमागे सुमारे १० ग्रॅम मीठ व त्याबरोबर तांबूस साखर, पापरिका, मिरपूड आणि लसणाची पूड चोळून बरगड्या काही तास शीतकपाटात ठेवाव्यात. फॉइलमध्ये गुंडाळून १३५ अंशांच्या ओव्हनमध्ये बेबी बॅकला दोन ते अडीच तास व स्पेअर रिब्जना तीन किंवा त्याहून थोडे अधिक लागतात. घड्याळावर मात्र सर्वस्वी विसंबू नये. तापमापकही येथे दगा देतो, कारण हाडाला टेकलेले टोक मांसाचे तापमान दाखवीत नाही. हाडांच्या मधल्या मांसात दात कोरण्याची काडी खुपसून पाहावी. ती लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. चिमट्याने पट्टी एका टोकाशी उचलली असता ती वाकावी व पृष्ठावर भेगा पडाव्यात.

मग फॉइल उघडून टोमॅटो, व्हिनेगर व काकवीचा सॉस पातळ थरांनी लावावा आणि २०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे चकाकी येईपर्यंत ठेवावे. हा सॉस प्रारंभीच लावला तर त्यातील साखर मांस मऊ होण्यापूर्वीच करपते. कच्च्या मांसास लागलेली कुंचली किंवा उरलेले मुरवण वाढताना वापरू नये, एवढी सावधगिरी लहान मुले जेवणार असतील तेथे तरी अवश्य पाळावी.

धुराचा प्रश्न उरतोच. भट्टीतील बरगडीच्या कडेस जे गुलाबी वलय दिसते ते जळत्या लाकडातील नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड यांचा मांसातील मायोग्लोबिनशी संयोग झाल्याने येते. विजेच्या ओव्हनमध्ये ते येणार नाही. धुरी दिलेल्या पापरिकेने गंधाची थोडी भरपाई होते, यापलीकडे घरच्या पदार्थाने भट्टीचे सोंग आणू नये.

ओव्हन नसलेल्या घरात प्रेशर कुकर चालतो. त्याच्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या सुमारास उकळत असल्यामुळे तासांचे काम पंचवीस-तीस मिनिटांत होते. मात्र पाच मिनिटे अधिक झाली तरी मांस हाडावरून गळून पडते. अमेरिकेतील स्पर्धांचे परीक्षक हा दोष मानतात. त्यांच्या मते घास दाताने सुटावा आणि बाकीचे मांस हाडालाच राहावे. घरात ज्येष्ठांचे दात पाहून निर्णय करावा. कुकरमधील पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातले तर बिघडत नाही. आम्लाने कोलॅजेन लवकर सैल होते, आणि गोव्याच्या विंदालूत व्हिनेगर मांसास टिकाऊपणा व चव देते त्याबरोबरच हेही काम करीत असते.

फॉइलमध्ये जमलेला रस फेकू नये. गाळून, वरची चरबी काढून तो सॉसमध्ये आटवावा. उरलेल्या बरगड्या दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी त्या ताठ झालेल्या दिसतील, परंतु तो मांसाचा चिवटपणा नसून थिजलेल्या जिलेटीनचा असतो. चमचाभर रस घालून, झाकून, १२० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवल्या की त्या पुन्हा पूर्ववत मऊ होतात.