नव्याचा सण ते शिळा सण

शरद ऋतूतील ज्यू सणांना कोकणच्या बेने इस्रायल समाजाने अस्सल मराठी नावे दिली, ही गोष्ट अमरावती-अकोल्याच्या वाचकालाही जवळची वाटावी. तिश्री या चांद्रमासाच्या, म्हणजे साधारण भाद्रपद-आश्विनाच्या, प्रतिपदेला वर्षारंभाचा ‘नव्याचा सण’ येतो आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, शोफार हे मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य फुंकले जाते. दशमीचा ‘दारफाळणीचा सण’ म्हणजे योम किप्पूर, अर्थात प्रायश्चित्ताचा दिवस; त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, निर्जळी उपवास करून पूर्वी घराची दारे लावून घेत, आणि दिवसअखेरच्या ‘नेइला’ प्रार्थनेचा अर्थही ‘मिटणे’ असाच असल्याने हे मराठी नाव फार समर्पक आहे. दुसऱ्या दिवशीच्या ‘शिळ्या सणा’ला दानधर्म आणि गाठीभेटी होत. मुंबईतील या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारले.