आवेशाचा शोध आणि आनंदाचे दान

धर्मगुरूंच्या व धर्मशिक्षकांच्या वार्षिक साधनेत एक प्रश्न हटकून विचारला जातो : सेवेस आरंभ करताना जो आवेश तुमच्या ठायी होता, तो आज कोठे आहे? प्रश्न सद्हेतूनेच विचारलेला असतो. परंतु त्याचा परिणाम पुष्कळदा विपरीत होतो. पंधरा-वीस वर्षे एकाच परिसरात मुलांना प्रश्नोत्तरे शिकविणारा, आजाऱ्यांना भेटी देणारा, पावसाळ्यात चिखल तुडवीत वाड्यावस्त्यांवर प्रार्थनेस जाणारा धर्मशिक्षक हा प्रश्न ऐकतो आणि आपल्या अंतःकरणात डोकावून पाहतो. तेथे त्याला ज्वाला दिसत नाही. मग कोणी उसना आवेश आणून आवाज चढवितो; कोणी नव्या जागी तरी मन पेटेल या आशेने बदली मागतो; आणि कोणी आपले पाचारणच खरे नव्हते असा निष्कर्ष काढून, देहाने सेवेत राहूनही मनाने तिच्यातून निघून जातो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की या प्रश्नाचा रोखच चुकलेला आहे. पवित्र शास्त्र व ख्रिस्तसभेची परंपरा यांनी सेवकाच्या अंतःकरणाची परीक्षा करताना आवेशापेक्षा आनंदाला अधिक महत्त्व दिले आहे. हा भेद शब्दांचा नाही; त्यावर अनेकांच्या सेवेचे भवितव्य अवलंबून आहे.

१. आवेश व आनंद

संत थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांनी मानवी भावनांचे जे विवेचन केले आहे, ते येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते इच्छा म्हणजे जे हिताचे आपल्याजवळ अद्याप नाही, त्याकडे जाणारी मनाची गती. आणि आनंद म्हणजे जे हिताचे आपणांस लाभले आहे, त्यात मनाला मिळणारी विश्रांती. या दृष्टीने पाहिले असता आवेश हा इच्छेच्या घराण्यातला आहे. तो नेहमी पुढे, न मिळालेल्याकडे पाहतो. म्हणून त्याला उणीव लागते, अंतर लागते, अडथळा लागतो. उद्दिष्ट हाती आले की तो विझतो व दुसरे उद्दिष्ट शोधू लागतो. आनंद मात्र जे आहे त्याकडे पाहतो.

याच ग्रंथकाराने आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात आनंदाला प्रीतीचा पहिला आंतरिक परिणाम म्हटले आहे. त्यानंतर शांती व दया येतात. आनंद हा त्यांच्या मते स्वतंत्र सद्गुणही नव्हे. तो प्रीतीतूनच उद्भवतो. गलतीकरांस पत्रात (५:२२) प्रेषित पौलानेही आनंदाची गणना आत्म्याच्या फळात, प्रीतीच्या लगेच नंतर केली आहे. फळ ओढून काढता येत नाही. झाडाला पाणी घालता येते, कुंपण घालता येते आणि फळ धरले की ते हातात घेता येते. म्हणून ‘आनंद मिळवा’ असे म्हणण्यापेक्षा ‘आनंद स्वीकारा’ असे म्हणणे अधिक यथार्थ होय.

२. शास्त्राची साक्ष

आवेश वाईट आहे असे शास्त्र म्हणत नाही. प्रभूने मंदिर शुद्ध केले, तेव्हा शिष्यांना देवाच्या मंदिराविषयीच्या आवेशाचे स्तोत्रवचन आठवले (योहान २:१७). तथापि आवेश हे सत्याचे प्रमाण नव्हे, हेही शास्त्र तितक्याच स्पष्टपणे सांगते. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल आपल्या पूर्वायुष्याची यादी देतो. तीत आवेशाचा पुरावा म्हणून त्याने ख्रिस्तसभेचा केलेला छळ नमूद केला आहे. रोमकरांस पत्रात (१०:२) आपल्या बांधवांच्या ज्ञानविरहित आवेशाबद्दल तो खेद व्यक्त करतो. उलटपक्षी फिलिप्पै येथील मंडळीस बंदिवासातून लिहिलेल्या त्या लहानशा पत्रात आनंद व आनंद करणे या अर्थाचे शब्द मूळ ग्रीक भाषेत सोळा वेळा आले आहेत.

एलिया संदेष्ट्याची कथा या संदर्भात अत्यंत बोधप्रद आहे. कर्मेल पर्वतावर त्याचा आवेश शिगेला पोहोचला होता. पुढच्याच अध्यायात (१ राजे १९) तो रानात एका झुडुपाखाली बसून मरण मागताना दिसतो. देवाने त्याला काय दिले? प्रथम झोप, मग भाकर व पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. होरेब पर्वतावर एलिया दोनदा आपल्या आवेशाचा दाखला देतो आणि आपण एकटेच उरलो असे म्हणतो. देव त्या दाखल्यावर काहीच बोलत नाही. तो त्याला पुढचे काम सांगतो, अलीशाच्या रूपाने सोबती देतो, आणि निष्ठावंत असे सात हजार लोक इस्राएलात आहेत हे कळवितो. आवेशाने एकाकी झालेल्या सेवकाला देवाने अन्न, विश्रांती व सोबत यांच्या द्वारे पुन्हा उभे केले.

लूकच्या शुभवर्तमानातील थोरल्या पुत्राचा दृष्टांतही आपणा सेवकांसाठीच आहे. त्याने कष्टात कसूर केलेली नाही, आज्ञा मोडलेली नाही. पण घरातून वाद्यांचा आवाज आला तेव्हा तो दाराबाहेर थांबला. बापाने त्याला अधिक कष्ट करावयास सांगितले नाही. जे बापाचे ते सर्व त्याचेच आहे याची आठवण करून देऊन त्याने त्याला आनंदात सहभागी होण्याची विनंती केली. तो आत गेला की नाही, हे दृष्टांतात सांगितलेले नाही.

३. दुपारचा शत्रू

चौथ्या शतकात इजिप्तच्या अरण्यात राहणाऱ्या तपस्व्यांना या व्याधीचा चांगला परिचय होता. इव्हाग्रियस (मृत्यू ३९९) या साधूने तिला ‘अकेदिया’ म्हटले आणि दुपारच्या प्रहरी येणारा सैतान असे तिचे वर्णन केले. मराठीत आपण ‘आळस’ असे भाषांतर करतो, पण ते अपुरे आहे. इव्हाग्रियसने रेखाटलेला तपस्वी आळशी नाही; तो अस्वस्थ आहे. सूर्य हलतच नाही असे त्याला वाटते. तो वारंवार खिडकीकडे जातो, बांधवांतील प्रेम आटले आहे असे त्याच्या मनात येते, आणि जेथे काम सुकर होईल व देवालाही प्रसन्न करता येईल अशा दुसऱ्या जागेचे विचार त्याला सुचू लागतात.

येथे सूक्ष्म निरीक्षण आहे. अकेदिया नेहमी मरगळीच्याच रूपाने येत नाही. कधी ती नव्या ध्येयाच्या, मोठ्या कार्याच्या रूपाने येते. अक्वायनस यांनी तिची व्याख्या करताना, देवाच्या ठायी जे हिताचे आहे त्याविषयीच वाटणारे दुःख, असे म्हटले व तिला प्रीतीजन्य आनंदाच्या विरुद्ध ठेवले. अर्थात तिच्यावरचा उतारा आवेश नसून आनंदच ठरतो. नवा आवेश शोधीत फिरणे हे कित्येकदा त्या रोगाचेच लक्षण असते.

संत इग्नेशियस लोयोला यांचा अनुभव याला पूरक आहे. १५२१ साली पाम्प्लोना येथे जखमी झाल्यावर ते अंथरुणास खिळून होते. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगविताना त्यांना मोठी मौज वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. ख्रिस्ताच्या व संतांच्या चरित्रांचा विचार केल्यावर मात्र विचार थांबला तरी प्रसन्नता मागे उरे. विचाराच्या वेळची उत्कटता दोन्हीकडे होती. भेद मागाहून कळला. यातूनच आत्म्यांची पारख करण्याचे त्यांचे शिक्षण सुरू झाले. मन उदास असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, हा त्यांचा नियम बदलीचा अर्ज लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने आठवावा.

४. आनंद काय करतो

आधुनिक मानसशास्त्रही या विषयाकडे वळले आहे. बार्बरा फ्रेड्रिक्सन या अमेरिकी संशोधिकेने १९९८ साली असा सिद्धांत मांडला, की भय व क्रोध मनाची दृष्टी एका बिंदूवर आणतात, तर आनंद, कुतूहल, समाधान व प्रेम या भावना ती विस्तृत करतात; आणि या विस्तारातून माणसाजवळ मैत्री, ज्ञान व सहनशक्ती यांचा संचय होत जातो. कॅनडातील रॉबर्ट व्हॅलरँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ध्यासाचे दोन प्रकार दाखविले : एक जीवनाच्या इतर अंगांशी जुळवून घेणारा, व दुसरा माणसालाच ताब्यात घेणारा. मानसशास्त्राच्या या निष्कर्षांवर आपली श्रद्धा उभी नाही. तथापि निसर्गाची जी घडण देवाने केली, तीच कृपेच्या कार्यालाही उपयोगी पडते, हे आपल्या परंपरेचे जुने मत आहे.

गोव्यातील ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा आरंभच एक उदाहरण पुरवितो. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. हजारो ओव्यांचा हा ग्रंथ परकीयाने परभाषेत रचावा, यासाठी दीर्घ परिश्रम लागले असतील यात शंका नाही. परंतु त्यात मराठी भाषेची जी सुप्रसिद्ध स्तुती आहे, फुले, सुगंध व पक्षी यांच्या उपमांनी नटलेली, ती वाचताना कर्तव्याचे ओझे कोठेच जाणवत नाही. ज्या लोकांत आपणांस पाठविले, त्यांच्या बोलीत रमलेल्या माणसाचे ते शब्द आहेत. आपल्या धर्मग्रामातील माणसे, त्यांची बोली, त्यांची गाणी, त्यांचा विनोद यांत ज्याला गोडी वाटते, त्याची सेवा टिकते.

पौलाने सेवकाच्या पदाची एक व्याख्या केली आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (१:२४) तो लिहितो, की आम्ही तुमच्या विश्वासावर सत्ता गाजविणारे नसून तुमच्या आनंदासाठी तुमच्याबरोबर काम करणारे आहोत. पोप पौल सहावे यांनी ९ मे १९७५ रोजी ख्रिस्ती आनंदावर स्वतंत्र प्रबोधनपत्र काढले, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली सुवार्ताप्रसारावरील आपल्या पत्राच्या नावातच ‘आनंद’ हा शब्द घातला, तो याच परंपरेला धरून.

५. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की हे दुःखाकडे पाठ फिरविणे नव्हे काय? मुळीच नव्हे. प्रभूने आपल्या आनंदाविषयी शिष्यांना सांगितले (योहान १५:११), ते धरून दिला जाण्याच्या रात्री. आणि त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो अतिशय खिन्न झाला. स्तोत्रसंहितेत विलापाला मोठे स्थान आहे. ओढूनताणून हसणे हा ख्रिस्ती आनंद नव्हे. त्याचप्रमाणे दीर्घकाळ टिकणारी उदासीनता, झोप व भूक हरपणे, जगणे नकोसे होणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. अशा बांधवास आनंद करण्याचा उपदेश करणे निष्ठुरपणाचे आहे. त्याला डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा, की आवेश काढून घेतला तर सेवा मंदावेल. याचे उत्तर नहेम्याच्या ग्रंथातील आठव्या अध्यायात मिळते. नियमशास्त्र ऐकून लोक रडू लागले, तेव्हा त्यांना घरी जाऊन जेवण्यास व ज्यांच्या घरी काही नाही त्यांना वाटे पाठविण्यास सांगितले गेले. कारण परमेश्वराविषयीचा आनंद हेच त्यांचे बळ होते. बळ आनंदातून आले, आणि पहिले सत्कृत्य शेजाऱ्याच्या ताटाविषयीचे होते.

६. आचरणाच्या दिशा

ख्रिस्तसभेने आनंदाला पंचांगात जागा दिली आहे. ३२५ सालच्या नायसिया परिषदेने रविवारी गुडघे न टेकता उभे राहून प्रार्थना करण्याचा नियम केला. आगमनकाळाच्या तिसऱ्या व प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी गुलाबी झगा वापरण्याची मुभा आहे. तुमचे मन तयार आहे काय, असे पंचांग आधी विचारीत नाही. ते आनंद समोर ठेवते व आपण त्यात प्रवेश करतो. हे रविवार केवळ झग्याच्या रंगाने नव्हे, तर प्रवचनाच्या विषयानेही पाळले जावेत.

रात्रीच्या आत्मपरीक्षणात इग्नेशियस यांनी पहिला क्रम उपकारस्तुतीला दिला आहे. पापांची आठवण त्यानंतर येते. हा क्रम आपण पुष्कळदा उलटा करतो. झोपण्यापूर्वी दिवसातील तीन दानांची नावे घ्यावीत, आणि ती नेमकी असावीत : अमुक मुलाने विचारलेला प्रश्न, अमुक आजीने दिलेला चहा, वेळेवर मिळालेली बस. दुःखावर उपाय सांगताना अक्वायनस यांनी मित्रांची सहानुभूती व सत्याचे चिंतन यांच्याबरोबर झोप व स्नान यांचाही उल्लेख केला आहे. एलियाच्या देवाला तो खचित मान्य झाला असता.

शेवटची सूचना भेटींविषयी. आजारपणात व मरणप्रसंगी आपण घरोघर जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु पौलाने रोमकरांस (१२:१५) रडणाऱ्यांबरोबर रडण्याआधी आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करण्यास सांगितले आहे. मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाली, विहिरीला पाणी लागले, दोन भावांचा जुना तंटा मिटला, अशा घरी केवळ आनंदात भाग घेण्यासाठी महिन्यातून एकदा तरी जावे. वर्गणीचा विषय त्या दिवशी काढू नये. आणि पुढील साधनेत एकमेकांस विचारावयाचेच असेल, तर गेल्या महिन्यात आपण कोणाच्या घरी असे जाऊन आलो, ते विचारावे.