संघाचे अंदाजपत्रक आणि गावची घरपट्टी

आपल्याकडे जिला घरपट्टी म्हणतात, तिच्याशी पुष्कळ अंशी जुळणारा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कर म्हणजे तेथील मालमत्ता-कर होय. तो मुख्यतः काउंटी, नगरे आणि शाळा-मंडळे बसवितात. स्थानिक संस्थांच्या करोत्पन्नापैकी सुमारे सात-दशांश भाग त्यातूनच येतो. संघ सरकार हा कर बसवीत नाही. साहजिकच बिलाची रक्कम वाढली की नागरिक स्थानिक सभेत जाऊन तेथील सभासदांना जाब विचारतो. वाढीचे मूळ पुष्कळदा राज्याच्या राजधानीत किंवा वॉशिंग्टनमध्ये असते, ही गोष्ट बिलावर कोठेच छापलेली नसते.

याचा उलगडा कर ठरविण्याच्या पद्धतीत आहे. प्राप्तिकराचा दर आधी ठरतो आणि उत्पन्न किती झाले ते मागाहून कळते. मालमत्ता-कराचे बहुतेक ठिकाणी नेमके उलट आहे. एखाद्या शाळा-मंडळाचा वार्षिक खर्च १ कोटी डॉलर आहे, असे उदाहरणादाखल धरू. राज्याचे अनुदान ४० लाख व इतर उत्पन्न १० लाख वजा जाता उरलेले ५० लाख घरमालकांकडून यावयाचे. गावातील करपात्र मालमत्तेचे मूल्य २५ कोटी असल्यास दर शेकडा २ पडतो. आता राज्याने अनुदान एक-दशांशाने, म्हणजे ४ लाखांनी, कमी केले. मंडळाने खर्चात एका डॉलरचीही वाढ केली नाही. तरी करमागणी ५४ लाखांवर जाते आणि घरमालकाचा कर शेकडा ८ ने वाढतो. शिवाय हा कर घराच्या किमतीवर असल्यामुळे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाचे उत्पन्न तेवढेच राहूनही त्याला ही वाढ भरावीच लागते.

संघ सरकार कर्ज काढून तूट भागवू शकते. जवळजवळ सर्व घटक राज्यांवर मात्र चालू खर्चाचा मेळ घालण्याचे बंधन आहे. म्हणून वरचे साहाय्य आटले की राज्य आपला भार खाली सरकविते. १९७२ च्या कायद्याने संघ सरकार आपल्या महसुलाचा वाटा राज्यांना व स्थानिक संस्थांना देऊ लागले. १९८० नंतर राज्यांचा वाटा बंद झाला आणि १९८६ मध्ये योजनाच संपुष्टात आली. न्यूयॉर्क राज्यात गरिबांसाठी असलेल्या 'मेडिकेड' या वैद्यकीय साहाय्य-योजनेच्या खर्चाचा काही हिस्सा काउंट्यांवर टाकण्यात आला आहे. योजनेचे नियम काउंटीने केलेले नाहीत. खर्च मात्र तिच्या घरमालकांच्या करातून जातो. पुढे २०१२ च्या अंदाजपत्रकात या खर्चाची यापुढील वाढ टप्प्याटप्प्याने स्वतःकडे घेण्याचे राज्याने मान्य केले.

कराला कायद्याने मर्यादा असेल तेथे हाच भार वेगळ्या रूपाने प्रकट होतो. कॅलिफोर्नियात १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' ने मालमत्ता-कराचा सर्वसाधारण दर शेकडा १ वर बांधून टाकला. १९९२ व १९९३ मध्ये राज्याच्या अंदाजपत्रकात तूट आली, तेव्हा विधिमंडळाने नगरे व काउंट्यांकडे जाणाऱ्या मालमत्ता-कराचा काही भाग शाळांकडे वळविला आणि शाळांना द्यावयाचे स्वतःचे पैसे तेवढ्याने वाचविले. घरमालकाच्या बिलात यामुळे काहीच फरक पडला नाही. नगरांच्या सेवांना मात्र कात्री लागली. हिशेबाची ही युक्ती कुशल खरी, पण तिला काटकसर म्हणणे कठीण आहे!

प्राप्तिकरातील वजावटीचा मार्ग आणखी आडवळणाचा आहे. भरलेला स्थानिक कर संघाच्या प्राप्तिकराच्या हिशेबात वजा करता येत असल्यामुळे, तपशीलवार वजावट मागणाऱ्या करदात्याच्या स्थानिक कराचा काही भाग वस्तुतः वॉशिंग्टन सोशीत असे. २०१७ च्या कायद्याने राज्य व स्थानिक करांच्या एकत्रित वजावटीवर १०,००० डॉलरची मर्यादा घातली. न्यू जर्सीसारख्या राज्यांत, जेथे करांचे मान मुळातच भारी, तेथे गावचा दर न बदलताही अनेकांचा खरा भार वाढला. २०२५ मध्ये ही मर्यादा ४०,००० डॉलरपर्यंत नेण्यात आली. मोठ्या उत्पन्नाच्या लोकांना मात्र तिचा पूर्ण लाभ मिळत नाही.

मिशिगन राज्याने घरमालकाला या साखळीतून सोडविण्याचा धाडसी प्रयत्न केला. मार्च १९९३ मध्ये तेथील कॅल्कास्का गावच्या मतदारांनी करवाढ नाकारल्यावर पैशांअभावी शाळा सत्र संपण्यापूर्वीच बंद कराव्या लागल्या होत्या. त्याच वर्षी विधिमंडळाने शाळांच्या चालू खर्चासाठीचा स्थानिक मालमत्ता-कर रद्द केला. मार्च १९९४ च्या लोकमताने विक्री-कर शेकडा ४ वरून ६ वर नेण्यात आला, राज्याचा स्वतःचा एक लहान मालमत्ता-कर आला आणि शाळांचा मुख्य भार राज्याने उचलला. घरांवरील कर उतरला, गरीब व श्रीमंत मंडळांमधील अंतरही कमी झाले. परंतु विक्री-कराचे उत्पन्न बाजाराच्या तेजी-मंदीबरोबर हलते. २००९ च्या मंदीत राज्याने दर विद्यार्थ्यामागील अनुदानातून १६५ डॉलर कापले, आणि ती तूट भरून काढण्यासाठी राहत्या घरांवर कर वाढविण्याचा अधिकार आता शाळा-मंडळांकडे उरला नव्हता.