पाठीला हाताचा झटका बरा की मशीनचा ठोका?

लालबर्रा : रोवणीत दिवसभर वाकून काम केलं की रात्री कंबर धरते. वैनगंगेच्या धानपट्ट्यात हे काही नवं नाही. नवे आहेत ते मोबाईलवरचे व्हिडिओ. मान वळवली, ‘कट्’ आवाज आला, माणूस हसत उठला! कुणी हातानं झटका देतो, कुणी छोटं यंत्र पाठीवर टेकवून ठोका मारतो. बालाघाट, गोंदिया किंवा नागपूर गाठण्याआधी प्रश्न पडतोच, यातलं चांगलं कोणतं?

या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत तो सुरू केला.

हातानं : सांधा ताणून छोटा, जलद झटका देतात. आवाज हाडाचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. आवाज आला म्हणजे ‘हाड बसलं’ असं समजू नका.

यंत्रानं : ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ हे स्प्रिंगवर चालणारं हातात मावणारं यंत्र. ठोका हलका असतो, अंग पिळावं लागत नाही. म्हणून झटक्याला घाबरणाऱ्यांना ते सोपं वाटतं.

फरक किती? अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये नवीन कंबरदुखीच्या १०७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांनी हाताच्या झटक्यानं जास्त आराम दिसला. यंत्र आणि नेहमीचे औषधोपचार मागे राहिले. पण तीन आणि सहा महिन्यांनी तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही.

कधी थांबायचं? पडल्यावर दुखणं सुरू झालं, ताप आहे, हाडं ठिसूळ आहेत, कॅन्सर झालेला आहे, तर झटकाही नको, ठोकाही नको. आधी डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मानेच्या झटक्यानंतर क्वचित रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याच्याही नोंदी आहेत.

भारतात कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपिस्ट मात्र २०२१ च्या केंद्रीय कायद्यात येतात. म्हणून समोरच्याचं शिक्षण काय, कुठं झालं, हे विचारायला लाजू नका.

साधी कंबरदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत कमी होते. अंथरुणाला खिळून राहू नका, झेपेल तेवढं चालत-फिरत राहा. हात की यंत्र, हे नंतर बघू. आधी दुखणं कशाचं आहे, ते कळू द्या.