काट्यावरचा प्रिंटर

गेल्या वर्षी दसऱ्याच्या चार दिवस आधी बाबा कामावरून घरी आले, हातपाय धुतले आणि काही न बोलता ओसरीत बसून राहिले. आईने चहा पुढे ठेवून विचारले, तेव्हा म्हणाले, "काट्यावर नवा कंप्युटर आला. पण त्याच्या मांगं आपला प्रिंटर लावाले भोकच नाही."

हा लेख त्या भोकाविषयी आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी; यंत्रांशी माझा संबंध सायकलच्या चेनपुरता. तेव्हा जाणकार वाचकांना माझे विवेचन बाळबोध वाटले तर त्यांनी सांभाळून घ्यावे. पण त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता, आणि त्या खटपटीतून जे उमगले ते या अंकाच्या निमित्ताने लिहून काढावे असे वाटले.

बाबा हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर काम करतात. कापसाची गाडी बाजार समितीतून लिलाव होऊन येते. भाव तिथे ठरतो, वजन मात्र इथे होते. भरलेली गाडी लोखंडी फलाटावर चढते. फलाटाखाली पोलादाचे ठोकळे असतात, त्यांना लोडसेल म्हणतात. ओझ्याने हा ठोकळा डोळ्यांना दिसणारही नाही इतका दबतो, त्याला चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युत्-रोध किंचित बदलतो, आणि तेवढा बदल मोजून केबिनमधली पेटी लाल आकड्यांत वजन दाखवते. कापूस खाली करून गाडी परत आली की रिकामे वजन. पहिल्यातून दुसरे वजा केले की शेतकऱ्याच्या मालाचे वजन निघते. मग प्रिंटर कर्रकर्र आवाज करीत पावती छापतो. तीन पाने, मध्ये कार्बन. वरचे पान कचेरीत, मधले फाटकावर आणि खालचे शेतकऱ्याच्या हातात. सगळ्यांत फिकट पान शेतकऱ्यालाच का, असे मी एकदा बाबांना विचारले होते. "वरचं शेठजीचं असते," एवढेच ते म्हणाले.

फिकट का असेना, चुकारा हातात पडेपर्यंत ते पान शेतकऱ्याच्या बंडीच्या खिशात घडी होऊन राहते. वजनावरून वाद निघाला तर दाखवायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते.

नवा संगणक विकणाऱ्या दुकानदाराने शेठजींना सल्ला दिला की हे जुने भंगार काढून टाका, लेझर प्रिंटर घ्या. एक पान निघेल, ते फायलीला लावा. बाकी सगळे संगणकात राहतेच. "आणि कास्तकाराले?" बाबांनी विचारले. "त्याले मोबाईलवर फोटो काढू द्या ना." गावाकडून रात्रभर बैल हाकत आलेल्या म्हाताऱ्याजवळ फोटो काढणारा मोबाईल असतोच असे नाही, हे बाबांनी सांगून पाहिले. शिवाय नव्या यंत्रावर शिकलेला पोरगा बसवावा लागेल, असेही बोलणे निघाले होते. ते बाबांनी आम्हाला नंतर सांगितले.

लेझर प्रिंटरवर एकापेक्षा अधिक प्रती निघत नाहीत असे नाही. तीन वेळा छापले तर तीन निघतील. पण त्या तीन निरनिराळ्या छपाया झाल्या. दुसरी छापण्यापूर्वी आकडा बदलणे कोणालाही शक्य आहे. जुन्या प्रिंटरची गोष्ट वेगळी. त्याच्या डोक्यात नऊ सुया उभ्या ओळीत बसवलेल्या असतात. प्रत्येक सुईमागे एक विद्युत्-चुंबक. चुंबकाने ढकललेली सुई शाईच्या फितीवर आपटते आणि कागदावर एक ठिपका उमटतो. डोके आडवे सरकत जाते, ठिपक्यांतून अक्षर उभे राहते. म्हणूनच याला डॉट मॅट्रिक्स म्हणतात. सुईचा हा मार कार्बनमधून तिन्ही पानांना एकाच वेळी बसतो. लेझर आणि इंकजेट प्रिंटर कागदाला मारीत नाहीत, त्यामुळे कार्बन त्यांच्या काही कामाचा नाही. तीन पानांवर एकच मार, हे मला कळले तेव्हा बाबांच्या हट्टाचा अर्थही कळला.

आता भोकाकडे वळू. आमच्या प्रिंटरच्या पाठीमागे ३६ टाचण्यांची रुंद खाच आहे. ही जोडणी अमेरिकेतल्या सेंट्रॉनिक्स नावाच्या कंपनीने १९७० साली आपल्या प्रिंटरसाठी काढली आणि पुढे साऱ्या जगाने उचलली. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या संगणकाने आपल्या बाजूला २५ छिद्रांचा पोर्ट ठेवला. हिला समांतर जोडणी म्हणतात, कारण एका अक्षराचे आठही अंश आठ तारांवरून एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून जातात. वजनाची पेटी मात्र दुसऱ्या पद्धतीने बोलते. तिची जोडणी आरएस-२३२ या नावाची, १९६० सालची, म्हणजे माझ्या बाबांपेक्षाही वयाने मोठी. हिच्यात अंश एकामागून एक, मुंग्यांसारखे एकाच तारेवरून जातात. गंमत म्हणजे येथे ऋण विद्युद्दाब म्हणजे एक आणि धन म्हणजे शून्य.

असे प्रत्येक उपकरणाचे वेगळे भोक होते. की-बोर्डला जांभळे, माऊसला हिरवे. ही दोन गोल भोके आयबीएमने १९८७ साली आणली. या सगळ्यांच्या जागी एकच जोडणी असावी म्हणून १९९६ साली यूएसबी आली. तिच्यामागे सात कंपन्या होत्या. त्यांतल्या इंटेलमध्ये या कामाचे नेतृत्व अजय भट यांनी केले, आणि त्यांचे शिक्षण आपल्या बडोद्याचे. बडोदे आता गुजरातेत असले तरी गायकवाडांमुळे मला ते परके वाटत नाही, म्हणून 'आपल्या' म्हटले. यूएसबीने सर्वांची सोय केली. जुनी भोके मात्र हळूहळू बुजत गेली. नव्या डेस्कटॉपवर समांतर पोर्ट आता सहसा आढळत नाही.

आमच्या महाविद्यालयातल्या संगणक कक्षात चौकशी केली तेव्हा कळले की यूएसबी ते समांतर अशी केबल मिळते. तिच्या फुगीर टोकात एक छोटी चिप असते. ती दुभाष्याचे काम करते. एका रविवारी बाबा आणि मी वर्ध्याला जाऊन ती घेऊन आलो, आणि सोबत वजनाच्या पेटीसाठी यूएसबी ते आरएस-२३२ अशी दुसरीही. दोन्ही मिळून नव्या प्रिंटरच्या किमतीपुढे किरकोळ.

केबल लावली म्हणजे काम झाले, असा माझा समज होता. प्रिंटर ढिम्म. खाच जुळली तरी या प्रिंटरशी कोणत्या भाषेत बोलायचे हे संगणकाला सांगावे लागते. त्या माहितीला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या जुन्या मॉडेलचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी कुठे सापडला नाही. पण विंडोजमध्येच 'जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली' नावाचा एक साधा ड्रायव्हर असतो. तो म्हणजे कागदावर काहीही सजावट न मागणारा गरीब माणूस. अक्षरांचे क्रमांक तेवढे पाठवतो. तो निवडला, पोर्टच्या यादीत यूएसबी००१ वर खूण केली आणि चाचणीचे पान मागितले. कर्रकर्र झाले! बाबांनी हात जोडले. कोणाला, ते विचारायचे राहून गेले.

पेटीने जास्त छळले. वजनाच्या नव्या प्रोग्रॅममध्ये कॉम-१ ते कॉम-४ एवढेच पोर्ट निवडता येत होते आणि संगणकाने आमच्या केबलला क्रमांक दिला होता सात. हा क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन बदलता येतो, हे शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. बदलला, तर पडद्यावर वजनाऐवजी प्रश्नचिन्हे आणि चौकोन! मला वाटले पेटीच बिघडली. तसे नव्हते. एकाच तारेवरून अंश रांगेने येतात, तेव्हा ते किती वेगाने येणार हे दोघांना आधी ठाऊक असावे लागते. आमची पेटी सेकंदाला २४०० अंश पाठवीत होती आणि संगणक ९६०० च्या हिशेबाने ऐकत होता. प्रत्येक अक्षराच्या आठ अंशांमागे पुढे एक आरंभाचा आणि मागे एक शेवटचा अंश लागतो, म्हणजे एकूण दहा. तेव्हा २४०० म्हणजे सेकंदाला २४० अक्षरे. वेग चुकला की कुठला अंश कुठल्या अक्षराचा हेच कळत नाही. आकडा २४०० केला आणि पडद्यावर वजन उमटले. मी फलाटावर जाऊन उभी राहिले. पेटीने ५० दाखवले, संगणकानेही ५०. आमच्या काट्यावर आकडा दहा-दहा किलोंनीच बदलतो, त्यामुळे माझे खरे वजन या लेखात गुप्त राहिले.

पेटीच बदलली असती तर? काट्याची दरवर्षी वैधमापनशास्त्र खात्याकडून तपासणी होऊन त्यावर मुद्रा लागते. पेटी बदलणे म्हणजे ती तपासणी पुन्हा करून घेणे, तेही ऐन हंगामात, फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना. म्हणून पेटीला कोणी हात लावला नाही.

आता शेवटची अडचण. मराठीच्या विद्यार्थिनीला ती जिव्हारी लागली. जुन्या पावतीवर शेतकऱ्याचे नाव इंग्रजी अक्षरांत छापले जाई. ज्याचे नाव, त्यालाच ते वाचता येत नसे. नव्या संगणकात मराठी आहेच, तेव्हा नाव मराठीत छापू, असे मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले. छापले, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ.

कारण असे की, संगणक प्रिंटरला अक्षर पाठवत नाही, क्रमांक पाठवतो. ६५ आला की इंग्रजी मोठा ए काढायचा, हे प्रिंटरच्या स्मृतीत कारखान्यातच कोरलेले असते. आमच्या प्रिंटरच्या स्मृतीत 'क' नाही. हे कोडे आपल्याकडे जुने आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले 'जिस्ट'चे काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. त्याचे कार्ड संगणकात बसवले की त्या काळच्या संगणकांवर देवनागरी दिसू लागे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिपींसाठी 'इस्की' ही संकेतावली प्रमाण केली, आणि आज आपण मोबाईलवर वापरतो त्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी याच घराण्यातली आहे. संगणक शहाणा झाला. प्रिंटर मात्र होता तिथेच राहिला.

दुसरा उपाय म्हणजे नावाचे चित्र करून पाठवणे. चित्र छापताना डोके नऊपैकी आठ सुया वापरून एक अरुंद पट्टी काढते, कागद किंचित सरकतो, मग खालची पट्टी. म्हणजे शिरोरेषा आणि वेलांटी एका फेरीत, अक्षराचे पोट दुसऱ्या फेरीत, उकार तिसऱ्या. करून पाहिले. अक्षरे उठली, पण कान्याचे दोन तुकडे एकमेकांपासून जरा सरकलेले, आणि एका पावतीला इतका वेळ की मागच्या गाडीवाल्याने केबिनच्या खिडकीतून डोके आत घातले. "काऊन बावा, कुंडली छापून ऱ्हायले का?"

शेवटी तडजोड झाली. 'भरलेले वजन', 'रिकामे वजन', 'निव्वळ वजन' ही मराठी शब्दांची चौकट पावतीच्या कागदावर छापखान्यातूनच आधी छापून घेतली. गाडीचा क्रमांक, तारीख आणि वजनाचे आकडे प्रिंटर भरतो. आणि शेतकऱ्याच्या नावाची ओळ मोकळी सोडली. ती बाबा बॉलपेनने भरतात. सातवीपर्यंत शिकलेले माझे बाबा पेन इतके दाबून लिहितात, की तिसऱ्या पानावरही काना-मात्रा नीट उठतात. पान फाडून हातात देताना ते प्रत्येकाला विचारतात, "नाव पाह्य बरं बापा, बरोबर हाय का?"