आधी रोप ओळखा, मग कात्री उचला : भिंतीतल्या रोपाचे बोन्साय होताना

म्हैसूर : पूर्वमोसमी सरी कोसळल्या की म्हैसूरमधील जुन्या इमारतींच्या कठड्यांवर, पन्हाळींच्या तोंडाशी आणि विटांच्या फटींत चार-दोन पानांची रोपे डोके वर काढतात. पक्षी आणि वटवाघळांच्या विष्ठेतून तेथे पोहोचलेली ही रोपे बहुधा वड-पिंपळाच्या कुळातील असतात. इमारतीच्या दृष्टीने ती धोक्याची. बोन्सायची हौस असणाऱ्यांना मात्र ती विनासायास लाभलेली देणगी वाटते. रोप नेमके कशाचे, याची खात्री न करताच त्याला तार गुंडाळण्याची घाई केली जाते आणि अनेक नवख्यांचे पहिले रोप तेथेच हातचे जाते.

निसर्गातून खणून आणलेल्या अशा झाडाला जपानी बोन्साय परंपरेत ‘यामादोरी’ म्हणतात. डोंगरातून आणलेले, असा त्याचा अर्थ. तो ऐकून म्हैसूरकरांची नजर चामुंडी टेकडीकडे वळली तर नवल नाही. परंतु ही टेकडी राखीव वन आहे आणि कर्नाटक वन अधिनियम, १९६३ नुसार राखीव वनातून परवानगीविना वनोपज काढून आणणे हा गुन्हा ठरतो. चंदनाच्या रोपाचा मोह तर दुहेरी फसवा आहे. चंदन अर्धपरजीवी असून त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी व पोषण घेतात. कुंडीत एकटे लावलेले चंदन सहसा खुरटत जाते. म्हणून शोध घ्यायचा तो घराच्या गच्चीवर, कुंपणाच्या भिंतीत आणि पाडकामाच्या जागी, तोही मालकाच्या संमतीने.

ओळख पटवताना पहिली खूण म्हणजे पांढरा चीक. पान खुडताच चीक ओघळला आणि फांदीच्या टोकाशी टोकदार आवरणात मिटलेला कोंब दिसला, तर रोप बहुधा ‘फायकस’ प्रजातीतील समजावे. हे आवरण गळून पडल्यावर फांदीभोवती कड्यासारखा वण राहतो. रुईलाही चीक असतो, पण असे कडे नसते.

पुढचे काम पानांचे. पिंपळाचे पान हृदयाच्या आकाराचे, लांब देठाचे आणि शेपटीसारख्या टोकाचे असते. पायर या झाडाचे पान त्याच्याशी मिळतेजुळते, मात्र टोक आखूड. वडाचे पान जाड, चिवट व रुंद. उंबराचे तुलनेने पातळ व निमुळते, त्यावर अनेकदा किडीमुळे आलेल्या गाठी दिसतात. नांद्रुकाचे पान लहान आणि चकचकीत. एका झाडाने तर या शहराचे नावच धारण केले होते. कन्नडमध्ये ‘गोणी’ म्हटल्या जाणाऱ्या या वृक्षाला वनस्पतिशास्त्रज्ञांनी पूर्वी ‘फायकस मायसोरेन्सिस’ म्हटले. आता त्याचा समावेश ‘फायकस ड्रुपेशिया’मध्ये केला जातो. त्याच्या कोवळ्या भागांवरची दाट लव सहज ओळखू येते. स्थानिक माळ्याला विचारायचे झाल्यास पिंपळाला अरळी, वडाला आल आणि उंबराला अत्ती म्हणावे.

चिंचेचे रोप याच कुळातले नसले तरी बोन्सायसाठी उत्तम. त्याची गल्लत सुबाभळीशी होते. चिंचेच्या एकाच मध्यशिरेवर दोन्ही बाजूंना पर्णिका असतात. सुबाभळीच्या मुख्य शिरेला पुन्हा उपशिरा फुटतात आणि पर्णिका त्या उपशिरांवर येतात.

नावाचा एवढा आग्रह कशासाठी? कारण झाडाचा आराखडा त्यावरच ठरतो. नांद्रुकाची व चिंचेची पाने मुळातच लहान, त्यामुळे हातभर उंचीतही वृक्षाचा भास होतो. उंबराचे पान फारसे लहान होत नाही; त्यासाठी मोठ्या आकाराचे झाडच योजावे लागते. पिंपळाची फांदी फार मागे छाटली तर ती वाळत जाण्याचा संभव असतो, म्हणून फांदीवर एक-दोन पाने राखूनच कात्री चालवलेली बरी.

भिंतीतील रोप ओढून काढू नये. मूळ तुटते आणि कधी वीटही निखळते. वारसा इमारतींच्या बाबतीत तर हे काम संवर्धन करणाऱ्यांवरच सोपवावे. वड व नांद्रुकाची फांदी ओल्या, निचरा होणाऱ्या मातीत सहज मुळे धरते, तेव्हा वरचा भाग कापून घेतला तरी चालते. मुळे मिळालीच, तर विटांवर चपटी पसरलेली ती मुळे टाकून देऊ नयेत. खडकाला बिलगलेल्या झाडाच्या शैलीसाठी याहून चांगली सामग्री नर्सरीत शोधून सापडणार नाही.

पूर्ण वाढलेले बोन्साय कसे दिसते, हे म्हैसूरच्या दत्त पीठाच्या आवारातील किष्किंधा मूलिका बोन्साय उद्यानात पाहता येते. तेथे खोडाकडे लक्ष द्यावे : बुंध्याशी रुंद, वर निमुळते. कोवळ्या रोपात हेच नसते आणि उथळ तबकात लावल्याने ते येतही नाही. त्यामुळे पहिले वर्षभर रोप मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत नुसते वाढू द्यावे. खालची एखादी फांदी मुद्दाम लांब राखली की तिच्याखालचा बुंधा भरतो. काम झाल्यावर ती काढून टाकायची. मग खोड हव्या उंचीवर छाटून नव्या कोंबाला शेंडा करायचे. दर छाटणीनंतर वरचा भाग खालच्यापेक्षा बारीक राहतो. यात पाच-सात वर्षे सहज जातात.

तारेची पाळी त्यानंतरची. फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची ॲल्युमिनियमची तार पंचेचाळीस अंशांच्या कोनात गुंडाळावी आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तपासावी. या दिवसांत फायकसची फांदी झपाट्याने फुगते आणि सालीत रुतलेल्या तारेचा वण पुढे कित्येक वर्षे दिसत राहतो. तार उलगडून काढण्यापेक्षा तुकड्या-तुकड्यांत कापून काढावी, म्हणजे कोवळी फांदी मोडत नाही.